ॲप आणि ऑनलाइन संग्रह सगळ्यांना वापरता येतात का ते कसं तपासायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेतली वाचनालयं, कॉलेजची मुलं, घरी जुन्या कागदांचे गठ्ठे सांभाळून असलेली मंडळी, सगळे आम्हाला थोड्याफार फरकानं हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवलीत. क्रमानं वाचायलाच पाहिजे असं काही नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तिथून सुरू करा.

"वापरायला सोपं आहे का" आणि "सगळ्यांना वापरता येतं का" ही एकच तपासणी ना?

एकाच बैठकीत करता येते, पण प्रश्न दोन आहेत. समजा वाचनालयाच्या ॲपवर पुस्तक शोधून राखून ठेवायचंय. चांगलं दिसणाऱ्या, मोबाइलची सवय असलेल्या माणसालाही ते बटन सापडेना, तीन पानं फिरून तो परत पहिल्याच पानावर येतोय, तर ती वापराची अडचण. आणि बटन मोठं आहे, समोर आहे, पण त्याला आतून नावच दिलेलं नाही, त्यामुळं टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) लावलेल्या माणसाला नुसतं "बटन" एवढंच ऐकू येतं, तर तो माणूस दारातच अडला. कधी कधी दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं, म्हणजे सगळ्या बटनांना नावं आहेत, नियमाला धरून सगळं बरोबर आहे, पण पुस्तकापर्यंत पोचायला अंध वाचकाला चाळीस वेळा बोट सरकवावं लागतं. याला मी तरी पास म्हणणार नाही.

आमच्याकडं अंध सभासद कोणी येतच नाही, मग एवढं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला त्याचं दर वेळी वाईट वाटतं. येत नाहीत कारण आल्यावर त्यांना वाचता येईल असं आपण काही ठेवलेलंच नाही. दुसरं म्हणजे अडणारी माणसं फक्त अंध नसतात. मोतीबिंदू झालेले निवृत्त गुरुजी, हात थरथरणाऱ्या आजी, भर उन्हात मार्केट यार्डात उभं राहून स्क्रीनवर हात आडवा धरून बघणारा माणूस, जतकडच्या वाडीत रेंजची एकच कांडी मिळणारी मुलगी, ऐकू कमी येणारा विद्यार्थी, हे सगळे तुमचेच वाचक आहेत.

आणि कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये डिजिटल मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असला पाहिजे याची जबाबदारी सरकारवर टाकलीय. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं डिजिटल केवायसीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा हे कोणावर उपकार म्हणून करायचं काम नाही.

सुरुवात कुठून करायची?

कामांच्या यादीपासून. तुमच्या ॲपवर किंवा संग्रहावर माणूस नेमकं काय करायला येतो ती चार-पाच कामं लिहा, आणि लिहिताना ॲपमधले शब्द वापरू नका. "मेनूतून कॅटलॉग उघडा आणि ॲडव्हान्स सर्च करा" असं सांगितलं की अर्धं उत्तर तुम्हीच देऊन टाकलं. त्याऐवजी असं सांगा, "तुमच्या नातीला सांगलीच्या जुन्या नाटकांवर प्रोजेक्ट करायचंय, तिला उपयोगी पडेल असं एक पुस्तक शोधा आणि ते आत्ता वाचनालयात आहे का बघा." मग तो माणूस कुठं कुठं बोट लावतो ते बघत बसा, त्यातच निम्मी तपासणी होते.

किती माणसं लागतात?

वापराच्या चाचणीत पाच माणसांत बऱ्याचशा मोठ्या अडचणी सापडतात, असं याकोब निल्सन यांनी फार पूर्वी मांडलं आणि तेव्हापासून पाच हा आकडा सगळीकडं फिरतोय. आकडा वाईट नाही, फक्त पाचही जण विलिंग्डन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं असली तर तुम्हाला विलिंग्डनच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्याच अडचणी कळणार. पाचच मिळणार असतील तर वेगवेगळे घ्या. एक टॉकबॅकवर फोन चालवणारे, एक कमी दिसणारे, एक साठीच्या पुढचे, एक फक्त व्हॉट्सॲप आणि यूट्यूब वापरणारे, एक कॉलेजचा. नंतर जमेल तशी प्रत्येक प्रकारातली माणसं वाढवा.

त्यांना मानधन द्या, येण्या-जाण्याचा खर्च द्या. दिव्यांग माणसांना "समाजकार्य" म्हणून फुकट बोलवायची जी पद्धत पडलीय ती मला अजिबात पटत नाही, ते त्यांच्या अनुभवातून तुम्हाला ज्ञान देतायत आणि त्याची किंमत असते.

शेजारी बसून नेमकं करायचं काय?

गप्प बसायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण समोरचा माणूस चुकीच्या जागी बोट फिरवत असताना "काका, ते वरचं दाबा" हे तोंडातून येतंच, आणि आलं की ती चाचणी वाया गेली. सुरुवातीलाच सांगून ठेवा की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही, आणि मनात जे येतंय ते मोठ्यानं बोलत राहा. आपल्याकडची मोठी माणसं अडली की "मलाच जमत नाही हो" म्हणून मोकळी होतात, ते तसंच्या तसं लिहून घ्या आणि त्या वेळी स्क्रीनवर काय होतं तेही लिहा, कारण दोष बहुतेक वेळा तिथंच असतो.

टॉकबॅक वापरणाऱ्या माणसाला मोठ्यानं बोलत राहा असं सांगू नका. फोन बोलतोय, त्यात ते बोलणार, त्यात तुम्ही विचारणार, काहीच धड होत नाही. त्यांना काम पूर्ण करू द्या आणि मग मागे जाऊन विचारा. शक्यतो त्यांचाच फोन वापरा, त्यात त्यांचा आवाज, त्यांचा वेग, त्यांचा कीबोर्ड सगळं बसवलेलं असतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि बँकेचे मेसेज, ओटीपी स्क्रीनवर येतात म्हणून रेकॉर्डिंगपुरतं नोटिफिकेशन बंद करायला सांगा.

नोंद काय ठेवायची? काम पूर्ण झालं का, मदत लागली का, किती वेळ गेला, कुठं मागं फिरले. एवढं साध्या वहीत मावतं.

शेवटी मार्क देणारी काही प्रश्नावली असते म्हणे?

असते, एसयूएस, म्हणजे सिस्टिम युझेबिलिटी स्केल. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली, दहा वाक्यं, प्रत्येकाला १ ते ५ मध्ये उत्तर. विषम क्रमांकाच्या वाक्यांच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, सगळ्यांची बेरीज करून २.५ नं गुणायचं, की ० ते १०० मधला आकडा मिळतो. सरासरी ६८ च्या आसपास धरतात. हा आकडा म्हणजे टक्के नव्हेत, ६८ मिळाले तर फर्स्ट क्लास असं काही नसतं.

मराठीत वापरताना एक गोष्ट सांभाळा. यातली निम्मी वाक्यं उलट्या अर्थाची आहेत, त्यामुळं "नाही" असलेल्या वाक्याला "असहमत" म्हणायची वेळ आली की मोठी माणसं हमखास गोंधळतात आणि उत्तर उलटं देतात. वाक्य वाचून दाखवा, उत्तर आलं की "म्हणजे तुम्हाला सोपं वाटलं ना?" असं एकदा विचारून खात्री करा.

टूल लावलं, १०० पैकी ९६ आले. आता तर झालं ना?

नाही झालं. लाइटहाऊस, वेव्ह, ॲक्स, अँड्रॉइडचं ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर ही आपोआप तपासणी करणारी सगळी चांगली टूल्स आहेत, फुकट मिळतात आणि सुरुवातीला लावावीतच, कारण नाव नसलेली बटनं, फिकट अक्षरं, भाषेची खूण नसणं हे ती पटकन दाखवतात. पण फोटोला वर्णन आहे एवढंच टूलला कळतं, ते वर्णन खरं आहे का ते कळत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या फोटोला "आयएमजी २०३४" असं वर्णन दिलेलं असलं तरी टूलच्या दृष्टीनं वर्णन आहे. फॉर्ममधल्या रकान्यांवर बोट कुठल्या क्रमानं जातं, चूक झाल्यावर आलेला मेसेज माणसाला समजतो का, हे टूल सांगत नाही.

मला स्वतःला दिसतं, मी टॉकबॅकवर तपासू शकतो का?

शकता, आणि तपासाच. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक सापडेल. चालू करायच्या आधी बंद कसं करायचं ते शिकून घ्या, नाहीतर फोन हातात घेऊन तसंच बसायची वेळ येते. बऱ्याच फोनवर दोन्ही आवाजाची बटनं एकत्र काही सेकंद दाबून धरली की चालू-बंद होतं, आधी ते सेटिंगमध्ये जोडलेलं आहे का बघा. उजवीकडं बोट सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, डावीकडं सरकवलं की मागची, दोनदा टॅप केलं की ती उघडते, पान सरकवायला दोन बोटं. या चार गोष्टींचा हात बसला की स्क्रीन झाकून काम करून बघा. आयफोनवर हेच काम व्हॉइसओव्हर करतो, विंडोज कॉम्प्युटरवर एनव्हीडीए फुकट मिळतं.

पण तुम्ही तपासलंत म्हणून रोज वापरणाऱ्या माणसाची गरज संपत नाही. त्यांचा वेग, त्यांच्या युक्त्या वेगळ्या असतात. तुम्हाला जिथं अडलं तिथं ते सहज पुढं जातील आणि तुम्हाला सोपं वाटलेल्या जागी अडतील.

फोन मराठी मजकूर हिंदी नाहीतर इंग्रजी ढंगात का वाचतो?

बहुतेक वेळा पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूणच दिलेली नसते. डेव्हलपरला सांगा की लँग्वेज टॅग मराठीचा, म्हणजे एमआर हा पाहिजे, एक ओळीचं काम आहे. फोनमध्येही मराठी आवाज उतरवून घेतलेला आहे का बघा.

आमच्याकडं सगळं पीडीएफमध्ये आहे. ते चालतं ना?

हा आमच्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुस्तक स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. डोळ्यांना अक्षरं दिसतात, फोनच्या दृष्टीनं तिथं काहीच नसतं. टॉकबॅक गप्प राहतो, शोध लागत नाही, अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते आणि माणूस पान डावी-उजवीकडं ढकलत बसतो. तपासायला सोपी युक्ती, पीडीएफमधली एक ओळ सिलेक्ट करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. सिलेक्टच झाली नाही तर तो फोटो. सिलेक्ट झाली पण पोचल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला, तर तो श्रीलिपी, कृतीदेव किंवा शिवाजीसारखा जुना फॉन्ट, त्यात आतली अक्षरं मराठी नसतातच, फक्त तशी दिसतात. जशीच्या तशी मराठी आली तर युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनला मराठी म्हणूनच कळणारी अक्षरं, आणि मग निम्मं काम झालेलं आहे.

२०१९ च्या महापुरात सांगलीत घरातली, वाचनालयातली किती पुस्तकं भिजून गेली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यानंतर स्कॅन करून ठेवायची घाई सुरू झाली ती बरोबरच आहे, कागद वाचलाच पाहिजे. पण स्कॅन करून थांबू नका, ओसीआर करून, म्हणजे फोटोतली अक्षरं सॉफ्टवेअरनं ओळखून, मजकूर काढा आणि निदान शीर्षक, लेखक, साल, अनुक्रमणिका एवढं तरी माणसानं तपासलेलं असू द्या. पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये असला की काय होतं ते बघायचं असेल तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश ऑनलाइन उघडा आणि फोनला वाचायला सांगा.

शोधून सापडत नाही असं लोक म्हणतात, पुस्तक तर संग्रहात आहे!

मराठी शोधाची स्वतःची दुखणी आहेत आणि बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरला ती माहीत नसतात. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याआधीच्या छपाईत "नाहीं", "कांहीं", "तेथें" असं असायचं, आणि आजचा माणूस "काही" असंच टाईप करणार. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आहेच. त्यात तेच अक्षर दोन-तीन प्रकारांनी टाईप होतं, "ॲ" एका कोडमध्येही लिहिता येतो आणि "अ" वर चंद्र देऊनही, "ऱ्या" चंही तसंच, दिसायला सारखं पण कॉम्प्युटरला वेगळं. त्यामुळं चाचणीत एकच शब्द पाच पद्धतींनी टाकून बघा, अनुस्वारासह, अनुस्वाराशिवाय, चुकीच्या वेलांटीनं, इंग्रजी लिपीत, आणि बोलूनही. काहीच सापडलं नाही तर नुसतं "निकाल नाहीत" असं येतं का "तुम्हाला हे म्हणायचंय का" असं काही येतं, तेही नोंदवा.

मोडी कागदांसाठी तर ओसीआरवर भिस्त ठेवू नका. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये जागा मिळाली खरी, पण संग्रहातले बहुतेक कागद फोटोच आहेत, त्यांना देवनागरी लिप्यंतर आणि दोन ओळींचा सारांश जोडला तरच ते वाचकापर्यंत पोचतात.

फोटोचं आणि वस्तूचं वर्णन कसं लिहायचं?

न दिसणाऱ्या मित्राला फोनवर सांगताय असं समजून. मिरजेच्या तानपुऱ्याचा फोटो असेल तर "वाद्य" लिहून भागत नाही. "उभा ठेवलेला तानपुरा, खाली मोठा गोल भोपळा, त्यावर नक्षीची पट्टी, लांब दांडी, वर चार खुंट्या" असं लिहा. वस्तूचा काळ, कारागीर, मोजमाप ही माहिती वर्णनात कोंबू नका, ती खाली मजकुरात सगळ्यांनाच दिसू द्या. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, बाहेरचे लोक आता हे शोधत येणार, तेव्हा कारागिरांच्या तोंडचे शब्दच वर्णनात येऊ द्या.

ध्वनिमुद्रणं आणि व्हिडिओ?

व्हिडिओला मथळे (बोललेलं खाली लिहून दाखवणाऱ्या ओळी, कॅप्शन), नुसत्या ऑडिओला लिखित मजकूर, हे डब्ल्यूसीएजी या सगळ्यांना वापरता येण्याबद्दलच्या नियमावलीच्या अगदी पहिल्या, ए पातळीवरच सांगितलंय. आपोआप तयार होणारे मराठी मथळे रागाची नावं, नाट्यपदं, गावांची नावं हमखास बिघडवतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथं "सीता स्वयंवर" केलं त्या गावातल्या संग्रहात नाट्यपदाचे शब्द तरी चुकू नयेत, एकदा माणसानं ऐकून तपासा.

हे डब्ल्यूसीएजी वाचायलाच लागतं का?

सगळं नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची ही नियमावली, सध्याची आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ मधली. पातळ्या तीन, ए, एए, एएए, आणि सगळे धरतात ती एए. रोज लागणारे आकडे सांगतो. साधं अक्षर आणि मागचा रंग यांचं प्रमाण निदान ४.५ ला १, मोठ्या अक्षराला ३ ला १. दाबायची जागा निदान २४ बाय २४ पिक्सेल, जमलं तर ४४. अक्षर २०० टक्के मोठं केलं तरी काही कापलं जाता कामा नये. या शेवटच्यात मराठीची जास्त परीक्षा होते, कारण ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबानं ठेवलेलं असतं आणि मोठं केलं की वरच्या मात्रा नाहीतर खालचे उकार कापले जातात. आणि पांढऱ्यावर हळदीचा पिवळा रंग, सांगलीकरांना कितीही जवळचा असला तरी, अक्षरांसाठी वापरू नका.

सरकारी वेबसाइट आणि ॲपसाठी जीआयजीडब्ल्यू ही भारत सरकारची नियमावली आहे, तिसरी आवृत्ती २०२३ ची.

पुराच्या दिवसांत पाणीपातळीची पत्रकं फोटो म्हणून फिरतात, त्यात काय बिघडलं?

जीव अडकतो, एवढं बिघडलं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे, आणि पावसाळ्यात कृष्णेकाठचं अख्खं गाव दर तासाला आकडा बघत असतं. तो आकडा तक्त्याच्या फोटोत असेल तर एकटे राहणारे अंध आजोबा तो ऐकू शकत नाहीत, कोणाला तरी फोन करून विचारतात, आणि त्या रात्री फोन लागत नसतात. फोटो पाठवायला हरकत नाही, त्याच्याबरोबर एक ओळ टाईप करा, "आयर्विन पूल, सकाळी ८ वाजता, इतके फूट, पाणी वाढतंय." एवढ्यानं काम होतं आणि कमी रेंजमध्येही ती ओळ आधी पोचते. कुठलंही आपत्तीचं ॲप तपासताना मी हे काम यादीत पहिलं ठेवतो, नेटचा वेग कमी करून, बॅटरी सेव्हर लावून, टॉकबॅकवर.

कॅप्चा आणि ओटीपीचं काय करायचं?

वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणणारा कॅप्चा असेल आणि दुसरा मार्ग नसेल तर ते सरळ सगळ्यात गंभीर अडचणीत लिहा, कारण पुढचं सगळं कितीही चांगलं असलं तरी माणूस आत जाऊच शकत नाही. ओटीपीची वेळ वाढवून मिळते का बघा. टॉकबॅकवर मेसेज ऐकून, परत ॲपमध्ये येऊन, आकडे टाकेपर्यंत तीस सेकंद कधीच निघून जातात.

वर अक्षर लहान-मोठं करणारी ए प्लस, ए मायनस बटनं आणि दिव्यांगांचं चिन्ह असलेलं विजेट बसवलंय, ते पुरतं का?

पुरत नाही. आतली बटनं बिननावाची असतील तर वरून विजेट चिकटवून ती सुधारत नाहीत. ते पैसे मूळ कोड दुरुस्त करण्यात घाला.

नवीन ॲप बनवून घेतोय, कंत्राटात काय लिहायचं?

डब्ल्यूसीएजी २.२ एए आणि याच विषयावरचं भारतीय मानक आयएस १७८०२ पाळलं जाईल असं लिहा, सगळा मजकूर युनिकोडमध्येच असेल असं लिहा, आणि शेवटचा हप्ता दिव्यांग वापरकर्त्यांच्या चाचणीनंतरच दिला जाईल हेही लिहा. वाचनालयाचं सॉफ्टवेअर असेल तर सगळ्या नोंदी बाहेर काढून घेता आल्या पाहिजेत ही अट घाला. कोहासारखं मुक्त सॉफ्टवेअर मराठीत नोंदी घेतं, त्याचा आधी विचार करा.

अंध वाचकासाठी पुस्तकाची डिजिटल प्रत केली तर कॉपीराइटचा त्रास होईल का?

२०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी वाचता येईल अशी प्रत करायला स्पष्ट सवलत आहे, नफा न कमावता आणि ती प्रत त्यांच्यापुरतीच राहील या अटीवर. अशा प्रतींना मोकळीक देणारा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा भारत हा पहिला देश, २०१४ मध्ये. तयार पुस्तकं हवी असतील तर सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, तुमच्या वाचकांना त्याचं सभासद व्हायला मदत करा.

अडचणी सापडल्या, डेव्हलपरला कशा सांगायच्या?

"ॲप दिव्यांगांसाठी योग्य नाही" असं लिहिलं तर कोणीच काही करत नाही. कुठलं पान, कुठला फोन, काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, आणि त्यामुळं कोण अडलं, असं एकेक लिहा. गंभीरपणा ० ते ४ मध्ये द्या, ४ म्हणजे काम होतच नाही. परवानगी असेल तर त्या माणसाचा अडलेल्या क्षणाचा छोटा व्हिडिओ जोडा. चाळीस पानी रिपोर्ट बाजूला पडतो पण अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मीटिंगमध्ये लावला की सगळे गप्प होऊन बघतात आणि त्याच आठवड्यात काम सुरू होतं, हे आम्ही बघितलंय.

"दुरुस्त केलं" असं कळवलंय, आता काय?

जे अडले होते त्यांनाच परत बोलवा, त्यांच्याच फोनवर तेच काम करू द्या, आणि त्यांचं मानधन याही वेळी द्या. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर निदान पहिली दोन कामं तरी पुन्हा तपासा, कारण एक बटन नीट करताना दुसऱ्याचं नाव उडालेलं असतं असं बऱ्याचदा होतं.